खर्जाचा भोपळा

"आत फळ्या किती टाकायच्या?" सुतारकाकांनी विचारलं.

"फळ्या नकोत. मध्ये दोन आडव्या पट्ट्या, एवढंच."

"मग ठेवणार काय यात?"

"हवा."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मी दिलेल्या कागदावरची मापं पुन्हा एकदा वाचली. आतून उंची ७२ सेंटिमीटर, रुंदी ३६, खोली ४२. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हवा ठेवायची म्हणजे सांधा चुकून चालायचं नाही. स्क्रू लाकूड धरतात, फट बुजवत नाहीत. प्रत्येक कडेला फेविकॉल भरून लावू आणि रात्रभर शिकंज्यात ठेवू." बास गिटारचं स्पीकर कॅबिनेट त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पण हवा धरून ठेवायची तर काय करावं लागेल, हे त्यांना एका शब्दावरून कळलं. माझं निम्मं काम तिथेच झालं.

मी मिरजेचा. आमच्या गावात पोकळीला मान आहे. सतारमेकर गल्लीत दुकानांच्या आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात; लहानपणी बाबा तानपुऱ्याची घोडी घासून जवारी काढून घ्यायला जात, तेव्हा मी खाली बसून वर बघत राहायचो. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे हे भोपळे कडू आणि जाड सालीचे असतात. तोंड कापलेला भोपळा आतून साफ करून, काठ्यांनी ताणून, आकारात आणतात, आणि त्याआधी कारागीर बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक करून कान लावतो. चांगला भोपळा उत्तर देतो. पूर्वी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं; फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी बाबांनी तानपुऱ्याची गवसणी काढून उगीचच तो पुसून ठेवला होता.

अशा घरातला मुलगा बास गिटार वाजवू लागला याचं बाबांना वाईट वाटलं नाही. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला खर्ज त्यांनी आयुष्यभर रेडिओवर ऐकलेला. तो वाजवणारे टोनी वाझ कोण हे त्यांना मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाण्याखालचा तानपुरा तो धरत होता." बास वाजवणाऱ्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. फक्त एक प्रश्न त्यांना कायम पडायचा. गिटार हातात घेऊन उलटसुलट करत ते विचारायचे, "अरे, पण ह्याचा भोपळा कुठंय?"

प्रश्न वरवरचा नव्हता. बास गिटारच्या आधी बँडमध्ये खर्जासाठी डबल बास असायचा, माणसाहून उंच, पोटाला पिंपासारखा. त्याचं पोट हाच त्याचा आवाज. तरीही ड्रम आणि ट्रम्पेटच्या गर्दीत तो बुडायचा. अमेरिकेत काहींनी त्याच्या खालच्या टेकूत, म्हणजे ज्या खुंटीवर तो जमिनीवर उभा राहतो तिच्यात, मायक्रोफोन बसवला. ॲम्पेग ह्या कंपनीचं नाव त्यावरूनच पडलं: ॲम्प्लिफाइड पेग. मग १९५१ साली लिओ फेंडर यांनी सरळ पोटच काढून टाकलं. भरीव लाकडाची फळी, चार तारा, सूर चुकू नये म्हणून मानेवर पडदे, आणि तारांखाली चुंबक. हा प्रिसिजन बास. वाद्य खांद्याला अडकवून नाचता येईल इतकं सुटसुटीत झालं. पण खर्जाला पोकळी लागते ती लागतेच. फेंडर यांनी काढलेलं पोट नाहीसं झालं नाही, ते फक्त वादकापासून सुटून त्याच्या मागे जमिनीवर जाऊन बसलं. वायरीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं ते कॅबिनेट म्हणजेच बास गिटारचा भोपळा. बाबांना मी हे सांगितलं त्याला पंधरा वर्षं झाली. स्वतःच्या हातानं तसा एक करावा असं मात्र मला फार उशिरा वाटलं.

वाटायला एक रात्र कारण झाली. गणपतीतला कार्यक्रम होता, मंडपात माणूस मावत नव्हता, आणि भाड्यानं आणलेल्या कॅबिनेटनं तिसऱ्या गाण्यात दम सोडला. आधी प्रत्येक खालच्या सुरामागे कागद फडफडल्यासारखा आवाज येऊ लागला. मी आवाज कमी केला, तरी फडफड थांबेना. मध्यंतरात जाळी काढून बघितलं तर पंधरा इंची स्पीकरचा कोन कडेनं वीतभर फाटलेला. उरलेला कार्यक्रम मी कीबोर्डवाल्याच्या स्पीकरमधून वाजवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही म्हणतात. पण ढोलकीवाला मुलगा नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, आज पायाखाली जमीन नव्हती." ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

त्या फाटलेल्या स्पीकरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं होतं, माझा ॲम्प्लिफायर ३०० वॅटचा. मग फाटला कसा? ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी शिकलो ते शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी भौतिकशास्त्रच घेतलं असतं. वॅटचा आकडा फार तर एवढंच सांगतो की किती वीज दिल्यावर कोनामागची तारेची कॉईल तापून जळेल. कोन किती पुढेमागे सरकू शकतो हे तो सांगत नाही, आणि खर्जात मरण तिथंच असतं. तेवढ्याच जोरानं एक सप्तक खाली वाजवायचं तर कोनाला चौपट हलावं लागतं. माझ्या गिटारची मोकळी जीची तार ९८ हर्ट्झला वाजते. तोच जी एक सप्तक खाली, ईच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, ४९ हर्ट्झला. वर कोन एक मिलिमीटर हलत असेल, तर खाली चार मिलिमीटर. साधारण बारा इंची स्पीकरच्या कॉईलला सरळ रेषेत हलायला जागा असते चार-पाच मिलिमीटरची. त्यापुढे ती चुंबकाच्या फटीबाहेर येते आणि कोनावरचा ताबा सुटतो.

स्पीकर घ्यायला मी पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार प्रेमानं म्हणाले, "साहेब, बाससाठी पंधरा इंचीच घ्या. मोठा स्पीकर, मोठा खर्ज." सगळीकडे हेच सांगतात आणि मीही वीस वर्षं तेच मानलं होतं. खरं म्हणजे कोनाच्या व्यासावरून खर्जाची खोली ठरत नाही. किती हवा ढकलली जाते हे क्षेत्रफळ आणि हालचाल ह्या दोहोंवर अवलंबून. पंधरा इंचीचं क्षेत्रफळ सुमारे ८५५ चौरस सेंटिमीटर. बारा इंची एकाचं ५३०, म्हणजे दोघांचं १०६०. दोन बारा इंची, एकावर एक उभे ठेवले, तर हवा जास्त ढकलतात, आणि वरचा स्पीकर वादकाच्या कानाच्या थोडा जवळ येतो. आडवे शेजारी शेजारी ठेवले तर वरच्या सुरांचा आवाज समोर एका पट्ट्यात आखडतो आणि बाजूला उभ्या असलेल्या गायिकेला बोट तारेवरून सुटल्याची ती स्पष्ट टकटक ऐकूच जात नाही. उभे ठेवले की आवाज आडवा पसरतो. आठ ओहमचे दोन समांतर जोडले की चार ओहम, माझ्या ॲम्प्लिफायरला तेच हवं होतं. नियोडिमियम चुंबकाचे स्पीकर हातात घेऊन पाहिले. १९८०च्या दशकात हे चुंबक आले आणि अशा स्पीकरांचं वजन पुष्कळच उतरलं. जिने चढणाऱ्या वादकाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण माझं बजेट फेराइट चुंबकाचं होतं. दोन घेतले. खोक्यात हमीचं कार्ड होतं आणि माहिती म्हणून वॅट, ओहम आणि इंच. बाकी काही नाही.

बाकीचंच तर हवं होतं. कोणत्या स्पीकरला केवढा डबा लागेल हे पूर्वी करून बघूनच ठरवत. फेंडरचा पहिला बासमन ॲम्प्लिफायर १९५२चा, त्यात पंधरा इंची एक स्पीकर. पुढे दहा इंची चार स्पीकरांचा, पाठ उघडी असलेला बासमन आला. स्पीकरचा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये भिंत नसेल तर दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागे जाते आणि खर्ज जागच्या जागी विझतो. बास वाजवणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली, पण गिटारवाल्यांनी हा बासमन डोक्यावर घेतला. लंडनच्या जिम मार्शल यांचा १९६२चा पहिला ॲम्प्लिफायर त्याच्याच सर्किटवर बेतलेला होता. १९६९ साली ॲम्पेगनं उलट टोक गाठलं: दहा इंची आठ स्पीकर, चार बंद कप्प्यांत, फ्रिजएवढं कॅबिनेट. रॉकच्या मैदानी कार्यक्रमांत बास छातीवर आदळू लागला तो तेव्हापासून.

पण गणित आलं ते ऑस्ट्रेलियातून. सिडनीच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली भोक असलेल्या डब्यांवर एक निबंध लिहिला. तिथल्या इंजिनियरांच्या नियतकालिकात तो दहा वर्षं जवळजवळ पडून राहिला. १९७१ साली अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा लोकांचे डोळे उघडले. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. त्यांचं म्हणणं, मला समजलं तसं, असं की स्पीकर हे स्वतःच एक वाद्य आहे. त्याचा कोन म्हणजे वजन, त्याची कड आणि मागचा स्पायडर म्हणजे स्प्रिंग. म्हणून त्याचा स्वतःचा एक सूर असतो. त्या सुरावर तो किती वेळ झुलत राहतो हा दुसरा आकडा. आणि त्याची स्प्रिंग किती लिटर हवेइतकी मऊ आहे, हा तिसरा. हे तीन कळले की डबा किती लिटरचा हवा हे कागदावर निघतं. एका कठीण वस्तूचा मऊपणा मोजायची पट्टी हवा असावी, लिटरमध्ये, ह्या कल्पनेनं मी कितीतरी दिवस भारावून गेलो होतो.

तर मग मोजायला बसलो. आधी दोन्ही स्पीकर रात्रभर २५ हर्ट्झच्या हळू झोक्यावर चालू ठेवले, कारण कोरी स्प्रिंग ताठ असते. पहिल्या संध्याकाळी सूर ५३ हर्ट्झला सापडला होता, सकाळी ४८ला. नवा तानपुरा वाजवून वाजवून मोकळा होतो म्हणतात, तसंच. सूर शोधायची रीत सोपी: एक रेझिस्टर जोडून कंप्रता सावकाश वाढवत न्यायची आणि मल्टिमीटरवर व्होल्ट कुठे सर्वांत वर जातात ते बघायचं. दुसरा आकडा त्याच शिखराच्या उतारांवरून काढला, तो आला ०.३७. तिसऱ्यासाठी कोनावर ठरावीक वजन ठेवून सूर किती उतरतो ते बघावं लागतं. पुतणीच्या खेळण्यातली हिरवी क्ले घेऊन मी ओळखीच्या सोनारांकडे गेलो. त्यांनी एक शब्द न विचारता ती काट्यावर टाकली, नखानं खुडत खुडत ३० ग्रॅमवर आणली आणि पुडीत बांधून दिली. घरी येऊन तिची सुरळी कोनाच्या मधल्या टोपीभोवती कड्यासारखी चिकटवली. सूर ४८वरून ३८वर आला. यावरून कोनाचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास, आणि स्प्रिंगचा मऊपणा सुमारे ८६ लिटर हवेइतका. वहीत हा आकडा लिहिताना हात जरा थांबला. कागद नसलेल्या दोन स्पीकरांनी स्वतःची ओळख सांगितली होती.

दोघांना मिळून १०० लिटर हवा, आणि डब्याचा सूर स्पीकरच्या सुराशी जुळणारा, असं गणित निघालं. स्पीकरांचे सांगाडे, पट्ट्या, समोरच्या भोकांतल्या नळ्या यांना नऊ-एक लिटर धरून १०९ लिटरची मापं मी सुतारकाकांना दिली होती.

लाकडावरून आमचा थोडा वाद झाला. मी म्हटलं १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, फक्त समोरची फळी १८ची. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या डब्याला बारा? हातानं दाबलं तर पिचकेल." त्यांचं बरोबरच होतं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो, १८ची फळी १२च्या जवळजवळ साडेतीनपट ताठ. पण ती वजनालाही दीडपट. मी म्हटलं, म्हणून तर आत आडव्या पट्ट्या, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. ते हसले. "म्हणजे अडसर म्हणा की. दाराला लावतो तसा." त्या दिवसापासून आम्ही दोघंही अडसरच म्हणत होतो. पहिला अडसर बसवायच्या आधी त्यांनी बाजूच्या फळीवर मधोमध मूठ आपटली: ढब. बसवल्यावर आपटली: टक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

ते टक म्हणजे काय, हे मला लिहायचं आहे, कारण मिरजेत वाढलेल्या माणसाला ते पचायला जड गेलं. आपल्याकडे वाद्याची पोकळी बोलते. भोपळा, त्याच्यावरची तबली, तूनच्या लाकडाची दांडी, सगळं अंग तारेबरोबर थरारतं, आणि तो थरार हाच तानपुऱ्याचा स्वभाव. दोन तानपुरे सारखे नसतात ते त्यामुळेच. बासच्या कॅबिनेटमध्ये लाकडाला हा अधिकार नाही. बाजूची फळी शंभर-दीडशे हर्ट्झला स्वतःचा सूर धरून थरारली, तर तिच्याजवळचा प्रत्येक सूर फुगतो, बाकीचे फिके पडतात, आणि आपण कोणतीही चाल वाजवली तरी मध्ये मध्ये तीच एक फळी ऐकू येत राहते. इथे लाकडाचं काम गप्प बसणं. बोलायचं ते हवेनं. तानपुऱ्याचा भोपळा आणि बासचं कॅबिनेट दोन्ही पोकळ; पण एकाचं लाकूड गातं म्हणून तो चांगला, आणि दुसऱ्याचं गात नाही म्हणून. लाकडाला गप्प बसवणं मला सुरुवातीला क्रूर वाटत होतं. आता वाटत नाही. इतरांच्या सुरासाठी स्वतःचा सूर आवरून धरणं ही बास वाजवणाऱ्याची रोजचीच साधना आहे, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या डब्यानंही तीच करावी यात मला आता एक प्रकारची शोभा दिसते.

रंग, कोपऱ्यांचे पत्रे, हँडल, गादीवाल्याकडून आणलेला पॉलिएस्टरचा पिंजलेला कापूस आतून लावणं, यात दोन रविवार गेले.

हवा खरंच धरली गेली आहे का, हे बघायला उदबत्ती लागली. नळ्यांची तोंडं प्लायच्या चकत्यांनी बंद केली, खोलीचा पंखा बंद केला, ४० हर्ट्झचा सूर हळू सोडला आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून फिरवत गेलो. धूर सरळ वर जात होता. वरचा सांधा, डावा, उजवा, खालचा: सरळ. मागे वायर जोडायचं जे सॉकेट असतं, त्याच्या खालच्या डाव्या स्क्रूपाशी आलो आणि धुराची रेघ एकदम शहारली, बारीक दातांच्या करवतीसारखी. तिथं केसाएवढी फट होती. सुतारकाकांच्या एकाही सांध्यात नव्हती, माझ्या स्क्रूशी होती. रबराचं वायसर घातलं, रेघ पुन्हा सरळ झाली.

आणि एवढं करून पहिल्यांदा गिटार लावली तर खर्जच नाही. आवाज येत होता, मोठा येत होता, पण पोकळ, जणू फक्त वरचे सूर भिंतीवर चिकटवलेत. माझ्या पोटात गोळा आला. तासभर गणिताची वही उलटसुलट केली. मग पेन्सिल सेल घेऊन एकेका स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवला. वरचा कोन बाहेर उचलला गेला. खालचा आत गेला. दोन्हींपैकी एकाच्या वायरी मी उलट जोडल्या होत्या. एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि दोघांमध्ये खर्ज गिळला जात होता. वायरी बदलल्या, ईची तार छेडली, आणि स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं बोलली.

आता राहिल्या नळ्या. चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, समोरच्या फळीत बसवलेले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एक सूर देते. डब्याचंही तसंच: नळीतली हवा म्हणजे वजन, आतली हवा म्हणजे स्प्रिंग. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी पितळेच्या पोकळ गोळ्यांवर हे दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. नळी जितकी लांब तितका सूर खाली. मी मुद्दाम १६ सेंटिमीटर ठेवल्या होत्या, डबा ४५ हर्ट्झला लागला. गणित ४८ म्हणत होतं आणि कानालाही खालचा जी जरा बसका वाटत होता. नळ्या बाहेर काढून हॅकसॉनं एकेक सेंटिमीटर कापत गेलो. खुंटी पिळून तार चढवावी तसं हे. फरक इतकाच की इथे खुंटी उलटी फिरत नाही, कापलेलं परत जोडता येत नाही. १३ सेंटिमीटरला थांबलो.

सूर लागला की नाही हे डोळ्यांनी दिसतं. खालून वर सावकाश कंप्रता चढवत नेली. ३५ला कोन जोरात झुलत होते, पाहून भीती वाटावी इतके. ४०, ४४, झोका लहान होत गेला. ४८ला दोन्ही कोन जवळजवळ थांबले. मी बोट टेकवून बघितलं, नुसती एक बारीक शिरशिरी. आणि खोली मात्र त्या सुरानं भरलेली. नळीसमोर हात धरला तर तळव्यावर हवेचे धपके बसत होते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो स्पीकर स्वस्थ बसलेला, आणि गात होती ती शंभर लिटर हवा. मी ती नोंद वहीत केली नाही. तसाच बसून राहिलो.

मोकळी ईची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे ह्या सुराच्याही खाली. तिची एक लाट ८ मीटरहून लांब, आमच्या माजघरात मावणार नाही. ती ह्या डब्यातून पूर्ण येत नाही; ॲम्पेगचं ते फ्रिजएवढं कॅबिनेटसुद्धा ५८ हर्ट्झच्या खाली उतरू लागतं. तरी आपल्याला ई ऐकू येतो, कारण ८२, १२३, १६४ असे त्याचे वरचे अंश कानावर पडले की मेंदू खालचा पाया स्वतः रचून घेतो. मला हे कळलं तेव्हा नवल वाटलं, बाबांना वाटलं नाही. "तानपुऱ्यात दुसरं काय असतं? खर्जाच्या तारेत खर्ज थोडा आणि वरचं सगळं मांडलेलं. जवारी कशासाठी काढतात मग?"

बाबा आले ते संध्याकाळचा रियाज आटोपून. वयामुळे हल्ली बसून गाणं अर्धा तासच होतं. तानपुरा त्यांनी भिंतीशी टेकवून ठेवला, गवसणी अजून घातली नव्हती. त्यांनी कॅबिनेटभोवती एक फेरी मारली. मग वाकून, सतारमेकर गल्लीत मी शंभरदा बघितलं होतं तसं, बोटाच्या पेरानं बाजूच्या फळीवर टकटक केली आणि कान जवळ नेला. दुसऱ्या बाजूला केली. वर केली.

"अरे, हा तर बोलतच नाही."

"बोलायलाच नको आहे, बाबा."

"लाकूड असून?"

"लाकूड असून."

त्यांनी हात तसाच फळीवर ठेवला. "वाजव बघू काहीतरी."

मी काय वाजवावं याचा विचार केला नाही. बाबांची पट्टी काळी एक, जन्मापासून कानात बसलेली. एची तार, चौथा पडदा, ६९ हर्ट्झ. त्यांच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा तोच सूर. हळू छेडला आणि धरून ठेवला. बाबांचा हात फळीवर होता, फळी हलत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी तळवा टेकवून तार बंद केली. कॅबिनेट तत्क्षणी गप्प झालं, तसंच व्हायला हवं होतं. पण खोलीतला सूर थांबला नाही. भिंतीशी टेकवलेला तानपुरा एकटाच गुणगुणत होता. त्याच्या खर्जाच्या तारेची रेघ पुसट झाली होती, आणि भोपळा भरून आल्यासारखा बोलत होता. बाबा तिकडे गेले. तार धरायला त्यांनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.